टकलीचं विरजण

अकरा वाजता रंजना तायडेने हवेचा पंप बंद केला आणि स्टुलावर टेकली. समोर ओळीने सहा मोजनळ्या, लिटर-लिटरच्या, काठोकाठ हिरव्या. नियमाने पाऊण तासात सगळं हिरवं तळाशी जाऊन वर पाणी नितळ व्हायला हवं. पाऊण तास झाला. एक वाजला. जेवणाचा डबा उघडून, खाऊन, धुऊनही झाला. नळ्या होत्या तशाच.

"बसा गं बायांनो," ती नळ्यांना म्हणाली. "माझी कंबर गेली तुमच्यापायी बसून बसून, आणि तुम्ही आपल्या उभ्या त्या उभ्याच!"

बायांनी ऐकलं नाही. ऐकायचं त्यांनी गेले सहा महिने सोडूनच दिलं होतं.

अकोल्याच्या शैवाल केंद्रात रंजनाची सत्तावीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते. सत्काराची शाल येऊन कपाटात पडली होती. बीकर शोधताना ती तिच्या हाताला लागली होती. पिस्ता रंगाची. उजवा खांदा तीन वर्षांपासून धरलेला. हात छातीच्या वर जात नव्हता, अंबाडा घालता येत नव्हता, म्हणून कमरेपर्यंतचे केस एका रविवारी जाऊन मानेपर्यंत कापून आली होती. कोणी विचारलं की म्हणायची, उकडतं. एकटीचा संसार, खांद्याचं गाऱ्हाणं सांगायचं तरी कोणाला?

आता या न बसणाऱ्या बाया कोण, ते सांगायला हवं.

टाकीच्या भिंतीला, शेतातल्या डबक्याला जो हिरवट थर धरतो ना, त्याच गोतातलं हे एका पेशीचं नील-हरित शेवाळ. प्रथिनं भरपूर आणि मागणं थोडं: ऊन, पाणी, चिमूटभर सोडा, चिमूटभर युरिया. अडचण एकच, ते पाण्यातून काढायचं कसं. पेशी इतकी बारीक की कुठल्याही फडक्यातून निसटते. गरगर फिरवून गाळ वेगळा करणारं यंत्र असतं, पण ते इतकी वीज खातं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पेशी आपणहून तळाला जाईल तर सगळाच प्रश्न मिटेल. ती जात नाही, कारण तिच्या अंगावर केस असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे, पण पेशीच्या मानाने लांबलचक. ते पाण्यात पसरतात आणि पेशीला बुडू देत नाहीत. शिवाय सगळ्यांच्या अंगावर एकाच जातीचा विद्युतभार, त्यामुळे जवळ आल्या की एकमेकींना ढकलतात.

सोळा वर्षांपूर्वी केंद्राला एक वेगळीच जात सापडली. तिच्या केसांच्या जनुकात एका अक्षराची चूक होती, निसर्गानेच केलेली. केस उगवतच नव्हते. उघड्या अंगावर चिकट साखरेचा लेप होता, त्यामुळे या पेशी एकमेकींना धरायच्या, पुंजका करायच्या आणि जड होऊन खाली यायच्या. हवा बंद करा, पाऊण तास थांबा, की टाकीच्या बुडाशी हिरवं पिठलं तयार. तोटी उघडायची, काढायचं, फडक्यावर वाळवायचं. ना यंत्र, ना वीज. कागदावर तिचं नाव एस-एक्केचाळीस होतं. गावच्या बायांनी तिला टकली म्हणायला सुरुवात केली आणि मग केंद्रातही सगळे टकलीच म्हणायला लागले.

टकलीच्या जिवावर एकशे चाळीस गावांत टाक्या उभ्या राहिल्या. अंगणवाडीच्या खिचडीत हिरवी पूड पडू लागली, पोरांच्या गालांवर मांस दिसू लागलं. ज्या बायांना घरात कोणी हिंग लावून विचारत नव्हतं, त्या गावात टाकीवाल्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

आणि आता टकली बसेना झाली होती. सव्वीस गावांतून तक्रारी आल्या होत्या, सत्ताविसावी सकाळी आली.

दुपारी डॉ. मेघना राठोड, केंद्राच्या संचालक, स्वतः खाली प्रयोगशाळेत आल्या. चाळिशीची बाई, पण महिनाभरात दहा वर्षांनी म्हातारी दिसू लागली होती.

"रंजनाताई, तक्रारींवर नेमलेल्या समितीचा अहवाल आला. गावपातळीवर निगा नीट राखली जात नाही, असं म्हणतात. शुक्रवारपर्यंत सव्वीसही टाक्या बंद करायची पत्रं पाठवायची आहेत. मागे आपण एका गावाला असं पत्र दिलं होतं ना? त्याचा मसुदा काढून ठेवा. तेच शब्द वापरू."

"काढते, मॅडम," रंजना म्हणाली.

ते पत्र शोधावं लागणार नव्हतं, तिला ते पाठ होतं. गाव सावरदरा. कारण: संगोपनातील निष्काळजीपणा व नियमभंग. तपासणीस म्हणून सही रंजना तायडे. आणि ज्या टाकीवालीच्या नावाने पत्र होतं ती मंदा वानखडे, म्हणजे बेबी, रंजनाची पाठची बहीण.

नियम असा होता की दर महिन्याला केंद्रातून ताजं बी न्यायचं, जुनं ओतून द्यायचं. पोटात जाणारी वस्तू, भलतं काही मिसळायला नको. बेबीने केंद्राचं बी वापरणं बंद केलं होतं आणि स्वतःचंच मागचं पुढे चालवत होती, दह्याला विरजण राखावं तसं. दोन वर्षांपूर्वी रंजना तपासणीला गेली तेव्हा बेबीने तिला तोंडावर सांगितलं होतं, "ताई, तुमचं नवं बी बसत नाही. माह्यं बसते." रंजना म्हणाली होती, टाकी घासत नसशील. मग अंगणवाडीच्या ओट्यावर सगळ्या बायांसमोर तिने पत्र वाचून दाखवलं होतं आणि आपल्या हाताने टाकीत ब्लीचिंग पावडर ओतली होती. बहीण आहे म्हणून सोडलं असं कोणी म्हणू नये, एवढीच तिची हौस. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. भाच्याच्या लग्नाची पत्रिकासुद्धा टपालाने आली होती.

मसुदा काढायला तिने कपाट उघडलं आणि पत्राच्या फाइलीखाली चाचणीची नोंदवही होती, ती सहज चाळली. दर सोमवारी एक ओळ: टकली किती मिनिटांत बसली. वर्षानुवर्षं चाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस. मग एका पानावर अक्षर बदललं होतं. गोल, टपोरं अक्षर एकदम वेडंवाकडं, ओळ सोडून खाली घसरणारं. खांदा धरला तो आठवडा. महिनाभर पेन नीट धरता येत नव्हता, तेव्हाचं अक्षर. आणि त्या पानाच्या पुढच्याच पानापासून आकडे चढत गेले होते. पंचेचाळीस. एक्कावन्न. साठ. दर वेळी शेरा तिचाच: 'मर्यादेत.' मग ऐंशी. मग दोन तास.

ती वही घेऊन स्टुलावर बसली.

गावांना द्यायचं सगळं बी ज्या मूळ बाटलीतून निघायचं, त्या मातृफ्लास्कमधून दर आठवड्याला थोडं घेऊन नवा फ्लास्क करायचा, हे काम सोळा वर्षं तिच्या एकटीच्या हातचं. तिला शिकवणारे जुने सर सांगायचे, तळाला कधी हात लावू नका, तळाशी मेलेल्या पेशींचा गाळ असतो. पिपेट वरच्या पाण्यातच ठेवा. बाकी सगळ्या शेवाळांना ते लागूही होतं. टकलीच्या बाबतीत फरक पडत नव्हता, कारण घेण्याआधी रंजना फ्लास्क उचलून चांगला घोळवायची, खालचं वर एक व्हायचं. खांदा धरला आणि दोन लिटरचा तो फ्लास्क उचलून घोळवणं जमेना. मग ती फ्लास्क ठेवल्या जागी ठेवून वरूनच घेऊ लागली. हात नेहमीचंच करत होता, तिला वेगळं काही वाटलंच नाही.

पण वर तरंगत कोण होतं? जिची चूक आपोआप दुरुस्त होऊन परत केस फुटले होते, ती. कोट्यवधींत एखादीच असेल. रंजनाने दर आठवड्याला नेमकी तिलाच उचललं, तिच्याच लेकीबाळी वाढवल्या, आणि खऱ्या टकलीला तळाचा गाळ म्हणून मोरीत ओतलं. तीन वर्षं. मग त्या केसाळ पोरी एकशे चाळीस गावांना वाटल्या. बाकीच्या गावांनी अजून तक्रार केली नव्हती, इतकंच.

"अगं माझे आई," ती मोठ्याने म्हणाली.

तरी तिने घाई केली नाही. पुण्याहून आलेली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं समितीच्या अहवालाला जोडलेली होती, कोणी उलगडूनही पाहिली नव्हती. तिने पाहिली. वरच्या नमुन्यात केस. तळाच्या नमुन्यातही केस. शंभरातल्या शंभर. गोठवून ठेवलेल्या कुप्या? गेल्या वर्षी इमारत बदलली त्या उन्हाळ्यात गोठवणीच्या टाकीतला द्रव नायट्रोजन संपला आणि जुन्या कुप्या वितळल्या. नव्या कुप्या तिच्याच फ्लास्कमधून भरलेल्या. म्हणजे मूळ टकली जगात कुठेच उरलेली नव्हती.

ती वही घेऊन वर गेली आणि राठोड मॅडमना सगळं सांगितलं. एकही शब्द पोटात ठेवला नाही.

मॅडमनी वही तीनदा उलटून पाहिली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही म्हणताय ते खरं आहे. मला पटतंय. पण पुढे काय, ते सांगा. मूळ जातच नाही म्हटल्यावर उद्या एकशे चाळीस टाक्या बंद. नवी शोधायला दोन वर्षं, खाण्याची परवानगी मिळायला पाच. आणि सव्वीस बंद केल्या तर बाकीच्या वर्ष-दोन वर्षं रेटता तरी येतील." त्यांनी वही मिटून पुढे सरकवली. "रंजनाताई, एकवीस दिवस राहिलेत तुमचे. ही वही कोणी मागणार नाही. मी दमलेय, तुम्ही दमलायत. जाऊ द्या ना."

खरं सांगायचं तर रंजनाला त्या क्षणी जाऊच द्यायचं होतं. घरी जावं, खांद्याला शेक द्यावा, आणि कोणी टकलीचं नावही काढू नये. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच ना? जगात रोजच होतं. पण त्या सव्वीस पत्रांत तिचेच शब्द जाणार होते. सव्वीस ओटे, आणि प्रत्येक ओट्यावर एक बेबी खाली मान घालून उभी.

"मॅडम, शुक्रवारपर्यंत पत्रं थांबवा," ती म्हणाली. "मला उद्या रजा द्या. एके ठिकाणी विचारून येते."

विजेवरची एस.टी. सावरदऱ्याला पोचली तेव्हा बारा वाजले होते. बेबी दारात सूप घेऊन तूर पाखडत होती. तिने वर पाहिलं, सूप खाली ठेवलं, आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. दारी आलेल्याला पाणी द्यायचं म्हणून दिलं. मग पुन्हा सूप हातात घेतलं.

"कायले आली? राह्यलेलं ब्लीचिंग टाकाले?"

"बेबी, तुझं विरजण आहे का गं?"

"तूच त ओतलं सारं. माह्या डोळ्यासमोर."

"टाकीतलं ओतलं. तू घरातही एक बरणी ठेवायचीस. मला माहीत होतं. मी लिहिलं नव्हतं."

"वा! उपकारच झाले म्हना."

रंजना पायरीवर बसली आणि सांगत गेली. खांदा, फ्लास्क, वरचं पाणी, वहीतले आकडे. सूप थांबलं होतं. मधे एकदा कोंबडी तुरीत शिरली, तिलाही कोणी हाकललं नाही.

"म्हंजे मी तवा सांगतलं होतं, ते खरं होतं," बेबी अखेर म्हणाली.

"होय."

"आन तुले ते काल समजलं."

"होय, काल समजलं."

बेबी उठली. मागच्या खोलीच्या खिडकीत, उन्हाच्या पट्ट्यात, लोणच्याची काचेची बरणी होती. हिरवीगार. "फेकवलीच नाही मले," ती म्हणाली. "दोन वर्सं झाले. सोडा टाकते, चिमूटभर युरिया टाकते. कायच्यासाठी, त मलेच ठाव नाही."

"नवं करताना कुठून घेतेस?"

"कुठून म्हंजे? विरजण कुठून घेतेत? वरचं पानी जास्वंदीले टाकाचं, बुडातलं घट्ट ठेवाचं. वरचं पातळ घेऊन कधी दही लागलं काय कोनाचं?"

रंजनाने डोळे मिटून घेतले. सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत घालवून तिला जे उमगलं नव्हतं, ते ही बाई स्वयंपाकघरात उभी राहून सांगत होती, आणि सांगताना तिला त्याचं काही विशेषही वाटत नव्हतं. हसावं की रडावं कळेना.

बेबीने बरणी चमच्याने ढवळली, ग्लासभर ओतून ग्लास ओट्यावर ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. दोघी ग्लासाकडे पाहत राहिल्या. आधी हिरव्यात दाणे दिसले, रव्यासारखे. मग वरच्या काठाशी बोटभर पाणी स्वच्छ झालं. मग दोन बोटं. चहा उकळून कपात येईपर्यंत अर्धा ग्लास आरपार दिसत होता आणि तळाशी हिरवं पिठलं जमलं होतं.

"बसली गं माझी बाई," रंजना म्हणाली आणि तिला रडू फुटलं. बेबीने रडू दिलं. चहा मात्र पुढे सरकवला.

"ही बरणी मला हवी आहे, बेबी. एकशे चाळीस गावांसाठी."

"नाही देत."

"अगं..."

"तू नेशील. केंद्राची टकली केंद्रात परत गेली, असं लिवशील. आन माह्या नावापुढे निष्काळजी लिवलं हाय, ते तसंच राहीन. मले टाकीबिकी नको, ताई. तू त्याच ओट्यावर उभी राह्य, त्याच बायांसमोर, आन जसं ते वाचलं तसं हे वाच. मंग ने बरणी."

"वाचलं तर चौकशी माझ्यावर येईल. सत्तावीस वर्षांचं..."

"मले दोन वर्सं झाले," बेबी म्हणाली.

रंजनाने पिशवीतून कागद काढला. लिहायला अर्धा तास लागला. हात दुखत होता आणि शब्दही धड सुचत नव्हते. मग तिने मॅडमना फोन लावला. "मॅडम, मूळ टकली मिळाली. सावरदऱ्याला, मंदा वानखडेंकडे. पत्रं फाडून टाका. चूक माझ्या हातची होती, मी तसं लिहून पाठवते आहे, आणि इथे वाचूनही दाखवणार आहे."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमचा सत्कार..."

"ती शाल दुसऱ्या कोणाला द्या. रंग बरा आहे."

चार वाजता अंगणवाडीच्या ओट्यासमोर पंधरा-सोळा बाया जमल्या. रंजनाने वाचलं. संगोपनात निष्काळजीपणा झाला तो केंद्रात झाला. माझ्या हातून झाला. सावरदऱ्याच्या टाकीत काही खोट नव्हती. मंदा वानखडे यांनी दोष वेळेवर दाखवला, तो मी ऐकला नाही. खाली सही रंजना तायडे.

मागून एक म्हातारी म्हणाली, "आमच्या पोरींले शाळेत घानेरड्या टाकीच्या गावच्या म्हनत होते दोन वर्सं. त्याचं काय, बाई?"

"ते या कागदाने पुसलं जाणार नाही," रंजना म्हणाली. खाली पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि पाहिलं नाही. बाया हळूहळू उठून गेल्या. एक-दोघी जाताना बेबीच्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

घरी येऊन बेबीने दुसरी बरणी धुतली. पहिलीतलं वरचं पाणी ओतून दिलं, बुडातलं घट्ट मोजून दोन्हींत अर्धं-अर्धं केलं. एक खिडकीत परत ठेवली. "अर्धी मीच ठेवते. तुमच्या लोकायचा काही भरोसा नाही." मग दुसऱ्या बरणीला फडकं बांधलं आणि ती काखेत घेऊन रंजनाबरोबर थांब्यापर्यंत आली.

साडेपाचची गाडी उशिरा होती. दोघी दगडावर बसल्या. वाऱ्याने तिचे आखूड केस तोंडावर येत होते. ते मागे सारायला तिने सवयीने उजवा हात उचलला. तो छातीपाशी अडला, तोंडातून 'स्स' निघालं आणि तिने हात खाली घेतला.

बेबीने ते पाहिलं. कापलेले केस पाहिले, आणि मग ते का कापले असतील, तेही तिच्या ध्यानात आलं.

"तीन वर्सं असाच हाय हात?"

"असाच."

गाडीचा हॉर्न वळणावर ऐकू आला. बेबीने तिचे केस कानामागे सारले, बरणी तिच्या डाव्या हातात नीट धरवून दिली, आणि रागानेच म्हणाली,

"मले एक निरोप त धाडाचा होता, ताई. मी आली असती न बाटली घोळवाले."